उंबरठ्यावर ठेवलेली पानं

आमच्या कंपनीत तिला सगळे आवरताई म्हणतात. जिन्यात, कँटीनमध्ये, लिफ्टच्या दारात, कुठेही भेटली की "आवरलं का?" एवढंच विचारते. तिचा प्रश्न टेबलाबद्दल नसतो, तुम्ही कॉम्प्युटरमध्ये घालून ठेवलेल्या पसाऱ्याबद्दल असतो. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, चष्मा कायम कपाळावर चढवलेला. चालण्यात घाई, बोलण्यात अजिबात नाही. माझ्यावर तिचे फार उपकार आहेत. ते सांगायचे तर आधी तिच्याशी झालेलं भांडण सांगावं लागेल, कारण ओळखीची सुरुवातच तिथून झाली.

आमची कंपनी घरोघरी ऑक्सिजनची यंत्रं भाड्याने देते. ज्यांची फुप्फुसं थकली आहेत अशी माणसं दिवसाचा बराचसा वेळ नाकात नळी घालून त्या यंत्रापाशी बसतात. यंत्र चालू असलं की अधूनमधून आमच्याकडे खूण पाठवत राहतं. बंद पडलं की खूण थांबते. मी बसतो त्या खोलीत भिंतीवर एक मोठा स्क्रीन आहे आणि त्यावर या सगळ्या घरांच्या ओळी. हिरवी ओळ म्हणजे यंत्र चालू आहे, लाल म्हणजे गप्प झालंय. लाल दिसली की आम्ही घरी फोन करायचा, कोणी उचलला नाही तर जवळच्या तंत्रज्ञाला पिटाळायचं. एवढंच आमचं काम. त्या स्क्रीनवर सगळ्यात वरची ओळ होती माझ्या आईची.

मी या नोकरीला लागलो त्याच सुमारास आईला यंत्र लागलं. वडील आधीच गेलेले, मी एकुलता एक आणि बिनलग्नाचा. सकाळी डबा घेऊन निघालो की संध्याकाळपर्यंत ती घरात एकटी. माझं लक्ष कामात कमी आणि फोनमध्ये जास्त. "आई, बरी आहेस ना?" असं मी इतक्यांदा विचारायचो की ती वैतागून म्हणायची, "तू फोन केला नाहीस तर मी नक्की बरी राहीन." तेव्हा आमच्या खोलीचे प्रमुख मास्तर होते. पूर्वी कुठल्याशा शाळेत शिकवायचे, तो शब्द त्यांना कायमचा चिकटला. स्क्रीनवरचं ते पान त्यांनीच बनवलेलं. एक दिवस माझ्या खुर्चीमागे येऊन म्हणाले, "मान वर कर." वर बघतो तर पहिल्या ओळीत आमचं घर, हिरवंगार. "आता तो फोन खाली ठेव आणि कामाला लाग," एवढंच बोलले. पुढे या विषयावर ना ते कधी बोलले ना मी. मास्तर निवृत्त झाले, नंतर वारले, पण ओळ जिथल्या तिथे राहिली. इतकी वर्षं मी एक डोळा त्या ओळीवर ठेवूनच काम केलंय.

आता आवरताईचं काम. कंपनीत आकड्यांची चित्रं दाखवणारं एक सॉफ्टवेअर आहे. कोणीही उठावं आणि आपल्याला हवं तसं पान बनवावं: किती यंत्रं गेली, किती परत आली, कुठल्या भागात बिघाड जास्त. कोणी त्याला डॅशबोर्ड म्हणतं, कोणी रिपोर्ट. आम्ही आपलं पान म्हणतो. सोय चांगली, पण बनवायला सगळे पुढे आणि आवरायला कोणी नाही. एका मीटिंगपुरतं बनवलेलं पान तिथेच पडून राहायचं, त्याची नक्कल व्हायची, नकलेची नक्कल व्हायची. 'अंतिम', 'खरंच अंतिम' आणि 'अंतिम, हेच वापरा' अशा नावांची तीन पानं होती आणि तिन्हींत आकडे वेगळे. मोठ्या साहेबांच्या बैठकीत दोन विभागप्रमुख आपापलं पान दाखवून तासभर भांडले आणि शेवटी कळलं, दोघांचीही पानं जुनीच. साहेबांनी त्याच आठवड्यात नवं सॉफ्टवेअर आणायचं ठरवलं आणि बजावलं, की त्यात कामाचं तेवढंच न्यायचं. बाकी अडगळ आवरताईने निस्तरायची.

ती मूळची पानं बनवणारीच. अर्धी अडगळ माझ्याच हातची, असं ती स्वतःच हसत सांगायची. म्हणून तिने पहिली स्वतःची पानं काढली. मग सॉफ्टवेअरलाच विचारलं, कोणतं पान कोणी, शेवटचं कधी उघडलं. वर्षभरात कोणी फिरकलं नसेल आणि बनवणारा कंपनी सोडून गेला असेल, तर असं पान सगळ्यात आधी बाहेर. साहेब म्हणाले, मग वाट कसली बघायची, उडवून टाका. ती काही ऐकेना. तिची एक पद्धत होती. पान पुसायचं नाही, नुसतं बाजूला ठेवायचं. त्या जागेला तिने नाव दिलं होतं 'उंबरठा'. धड घरात नाही, धड बाहेर नाही. आणि जिथे पान होतं तिथे एक चिठ्ठी ठेवायची. ती चिठ्ठी मला आजही पाठ आहे.

'हे पान कोणी उघडत नाही असं दिसलं, म्हणून बाजूला ठेवलं आहे. टाकलेलं नाही. हवं असेल तर मला फोन करा. रागात असाल तरी करा.' खाली तिचा नंबर.

एके दिवशी जेवणाआधी मी मान वर केली आणि भिंतभर हीच चिठ्ठी दिसली.

एकही ओळ नाही. ना हिरवी, ना लाल. आईची नाही, कोणाचीच नाही. आधी घरी फोन लावला. आईने उचलला, म्हणाली, "मी टीव्ही बघतेय, ठेव." जीव भांड्यात पडला आणि मग मात्र माझं डोकं फिरलं. चिठ्ठीवरचा नंबर लावला आणि समोरून "हॅलो" पूर्ण व्हायच्या आत सुरू झालो. "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बंद केलंय?"

"नाही कळत," पलीकडून शांत आवाज आला. "म्हणून तर नंबर दिलाय. कुठलं पान?"

मी सांगितलं, आणि बोलतच राहिलो. कंपनी कशी चालते, वर बसून उंटावरून शेळ्या हाकणारे लोक, माणसांच्या श्वासाशी खेळ, बरंच काही. माझी गाडी ऐन रंगात आली असताना ती मध्येच म्हणाली, "वर बघा." बघितलं तर पान परत आलेलं. पहिली ओळ हिरवी.

थोड्याच वेळात ती धापा टाकत आमच्या खोलीत आली. लिफ्टची वाट बघायचा धीर नव्हता तिला. आल्या आल्या स्क्रीनसमोर उभी राहिली, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. मी तोंड फुगवूनच बसलो होतो.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "पण मला कळत नाहीये. हे पान तुम्ही दिवसभर बघता. मग कोणी उघडलंच नाही असं का दिसतं?"

मी म्हटलं, "उघडायचं कशाला? ते बंद कधी झालंय?"

खरंच होतं ते. भिंतीवर स्क्रीन लावला त्या दिवशी मास्तरांनी पान उघडलं, आणि कोणी चुकून धक्का देऊ नये म्हणून माउस काढून स्वतःच्या खणात टाकला. माउस तेव्हाही त्याच खणात होता. कॉम्प्युटर बॅटरीवर, त्यामुळे वीज गेली तरी तो बंद पडत नाही. पान आपलं आपण ताजं होत राहतं. सॉफ्टवेअर मोजतं ते उघडणं, आणि हे वर्षानुवर्षं उघडंच. त्यात बनवणारा माणूस कंपनीतच काय, जगातही नाही. तिच्या नियमाने हे सगळ्यात टाकाऊ पान ठरलं होतं.

ती आधी थक्क झाली आणि मग इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "मी येणाऱ्यांची मोजदाद केली," ती म्हणाली. "घरात मुक्कामालाच असलेल्यांची केलीच नाही." एवढ्या सरळपणे चूक कबूल करणारं माणूस समोर असलं की राग धरून बसणं अवघड जातं. मी खुर्ची पुढे केली.

त्यानंतर दोन-तीन दिवस ती कॉम्प्युटर सोडून भिंती बघत हिंडत होती. गोदामात, गेटवर, दुरुस्तीच्या विभागात, जिथे जिथे स्क्रीन टांगलाय तिथे उभी राहायची आणि कोण बघतंय ते बघायची. कँटीनमधल्या स्क्रीनवर कधीच संपलेल्या एका स्पर्धेचे गुण झळकत होते. तिथे तिने अख्खी जेवणाची सुट्टी काढली. त्याकडे एकाच माणसाने पाहिलं, आणि तेही दातात अडकलेलं काढताना काचेत तोंड दिसतं म्हणून. ते पान उंबरठ्यावर गेलं. गोदामातलं मात्र परत आत आलं.

मी एकदा विचारलं, ही उंबरठ्याची कल्पना सुचली कुठून? म्हणाली, "घरी या, दाखवते." गेलो. दार पूर्ण उघडेना, कारण मागे खोक्यांची चळत. तिचा नवरा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा. माणूस गोड, पण काही म्हणजे काही टाकत नाही. वायरी, बटणं, तुटकी झाकणं, मेलेले चार्जर. बसायला जागा करायची म्हणून त्यांनी सोफ्यावरचं एक खोकं उचललं आणि ते ठेवायला दुसरी जागा न सापडल्याने चहा होईपर्यंत हातातच धरून उभे राहिले. "ऑफिसात लोक मला घाबरतात," ती म्हणाली, "आणि इथे माझं कोणी ऐकत नाही."

लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने वैतागून एक अख्खी पिशवी कचऱ्यात टाकली होती. त्यात एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या श्रवणयंत्राचा सुटा भाग निघाला. नवरा एक शब्द बोलला नाही, नुसता खाली जाऊन कचऱ्यात शोधत बसला. मग तीही जाऊन शेजारी बसली. तेव्हापासून त्यांच्या दाराशी एक खोकं असतं. टाकायचं ते आधी त्यात, काही दिवस तिथेच, आणि येता-जाता दोघांनी त्यात डोकावायचं. "ओरडला असता तर मी विसरले असते," ती हलकेच म्हणाली. तिचा नवरा खोकं सांभाळत लाजला.

इथवर सगळं छान होतं. पण नव्या सॉफ्टवेअरमध्ये पान न्यायचं म्हणजे ते नव्याने बांधावं लागणार होतं, आणि साहेबांचा हुकूम होता की पानातली प्रत्येक सूचना कशासाठी आहे ते सांगता आलं पाहिजे; सांगता येणार नाही ती गाळायची. म्हणजे मास्तरांनी लिहिलेलं सगळं आवरताई उकलून वाचणार. मी तिला ताकास तूर लागू दिली नव्हती. मनात एकच आशा, ती ओळ तिच्या नजरेतून सुटावी. पण तिच्या नजरेतून काही सुटेल अशी आशा धरणंच खुळेपणाचं होतं.

ती माझ्या शेजारी बसून वाचत होती. एके ठिकाणी थांबली. "हे काय? एकच घर काहीही झालं तरी वर. यंत्र चालू असो, बंद असो. का?"

मी पहिल्या ओळीकडे बघितलं.

"बिघाड आहे का मुद्दाम केलंय?"

"मुद्दाम," मी म्हटलं. "आमचं घर आहे ते. माझी आई आहे." आणि मग सगळं सांगितलं. मास्तर, फोन, मान वर कर. सांगताना लाज वाटत होती. कंपनीच्या भिंतीवर मी इतकी वर्षं स्वतःच्या घरचा दिवा लावून बसलो होतो, आणि बाकीची घरं त्याच्याखाली.

तिने चष्मा कपाळावर चढवला. "हे मला असं नेता येणार नाही. साहेबांना काय सांगू? एका माणसाची आई म्हणून?"

"माहितीये," मी म्हटलं. ती चूक बोलत नव्हती. पण त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मला उद्याच्या सकाळशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. मान वर करायची आणि आई कुठल्यातरी शेकडो ओळींत, पानाच्या तळाशी.

दुसऱ्या दिवशी ती आली तीच प्रश्न घेऊन. "तुमच्या आई दिवसभर एकट्या असतात, म्हणून मास्तरांनी हे केलं. बरोबर? मग एकटी असणारी बाकीची माणसं?"

"असतील की. तंत्रज्ञांना माहीत असतं कोण एकटं राहतं ते."

"तंत्रज्ञांनाच नाही. यंत्र बसवताना आपण विचारतो, घरात सोबत कोण. पहिल्या दिवसापासून विचारतोय. त्याचं पानसुद्धा आहे." ती म्हणाली. "काल माझ्याच उंबरठ्यावर सापडलं. कोणी कधी उघडलंच नाही. हे खरंच उघडलं नव्हतं, मी यावेळी नीट बघितलं."

मला अजून उजेड पडत नव्हता. मग तिने सांगितलं. मास्तरांची सूचना ती काढणारच होती, पण तिच्या जागी दुसरी घालणार होती: ज्या घरात माणूस एकटं आहे ते घर वर. त्यातही ज्याचं यंत्र गप्प झालंय ते सगळ्यात वर, मग जुनी यंत्रं आधी. तंत्रज्ञ दर भेटीत विचारणार, सोबत कोण, म्हणजे माहिती शिळी होणार नाही. "तुमची आई वरच राहील," ती म्हणाली. "फक्त आता वशिल्याने नाही."

मला तिथे रडू आलं. खोटं कशाला सांगू, चांगलं रडू आलं. ती स्क्रीनकडे बघत बसली आणि मला माझं आवरू दिलं.

नवं पान लागलं त्या सकाळी मी मान वर केली तर आई दुसऱ्या ओळीत. पहिल्या ओळीत एक निवृत्त घड्याळजी, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एकटा राहणारा. ओळ लाल. जुन्या पानावर तो कुठे तरी तळाशी असता आणि आमचं लक्ष जायला दुपार झाली असती. फोन केला, उचलला नाही. तंत्रज्ञ पोचला तेव्हा म्हातारबाबा पलंगाखाली निसटलेला प्लग शोधता शोधता दम लागून जमिनीवर बसलेले. ओठ काळेनिळे. वेळेवर नळी लागली, वाचले. दोन दिवसांनी त्यांनी स्वतः फोन करून विचारलं, तुमच्याकडे भिंतीवर घड्याळ आहे का, मी एक पाठवतो. ते घड्याळ आता स्क्रीनच्या शेजारी आहे आणि पाच मिनिटं पुढे चालतं.

घरी येऊन आईला सांगितलं, आज तू दुसरी आलीस. ती म्हणाली, "शाळेत कधी पहिल्या पाचात नव्हते. दुसरा नंबर पुष्कळ झाला."

नव्या पानामागे चालूच राहिलेलं मास्तरांचं जुनं पान बंद करायच्या दिवशी आवरताईने मला बोलावलं. मी खणातून माउस काढला, पुसला, जोडला. पान मिटायला एक टिचकी पुरली. मास्तर असते तर त्यांचे पाय धरले असते. नव्हते, म्हणून नुसतं हात जोडून उभा राहिलो. तीही शेजारी हात जोडून उभी राहिली, जिला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. गेल्या पंधरवड्यात माझी मावशी, आईची धाकटी बहीण, तिची नोकरी संपल्यावर आमच्याकडे कायमची राहायला आली. दोघी दिवसभर भांडतात आणि टीव्हीचा आवाज कमी-जास्त करतात. परवा तंत्रज्ञ यंत्राची जाळी बदलायला आला आणि त्याने नेहमीचा प्रश्न विचारला, घरात सोबत कोण. आईने म्हणे मोठ्या ऐटीत सांगितलं, "माझी बहीण. लिहा मोठ्या अक्षरात."

काल सकाळी मान वर केली तर आई वरच्या ओळींत नव्हती. खाली खाली शोधत गेलो. अगदी तळाशी, गर्दीत कुठेतरी, एक साधी हिरवी ओळ. मग आवरताईला फोन लावला.

"आईची ओळ गेली," मी म्हटलं.

"काय?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "मी कशालाही हात लावलेला नाही. थांबा, मी वर येते."

"नाही हो, येऊ नका. मावशी आलीये राहायला. आई आता एकटी नाही."

पलीकडून नाक ओढल्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

"बरं केलंत फोन केलात," ती म्हणाली. "रागात नव्हता, तरी केलात."